दिल्लीची ई 250 डिझेल की इथलीच ई 280 पेट्रोल? मर्सिडीजच्या नावावर किती भरवसा ठेवायचा? (ग्वाल्हेर)

थाटीपूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुनी मर्सिडीज घ्यायची आहे. दोन गाड्या समोर आहेत.

पहिली दिल्ली पासिंगची, 2012 ची ई 250 सीडीआय. डिझेल, 96,000 किमी, दुसरा मालक. दहा वर्षं उलटल्यामुळे तिकडे विकायला काढली आहे, एनओसी काढून देतो म्हणतात. दुसरी इथलीच, एमपी 07. 2006 ची ई 280 पेट्रोल, एकाच घरातली, 71,000 किमी, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालेलं. वापर रोजचा लष्कर ते मुरार, महिन्यातून एखादी झाशी किंवा इंदूर फेरी.

घरातले वडीलधारे म्हणतात, मर्सिडीज आहे, डोळे झाकून घे, वीस वर्षं बघायला नको. गराजवाले म्हणतात, पांढरा हत्ती पोसायची तयारी असेल तरच घ्या. ही ख्याती मुळात आली कुठून, आणि या दोन गाड्यांना ती लागू पडते का? बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

जुनी_यंत्रं

वडीलधारे चुकत नाहीत, फक्त ते वेगळ्या गाडीबद्दल बोलतायत.

कार्ल बेंझचं पेटंट 29 जानेवारी 1886 चं, क्रमांक 37435. तीन चाकं, एक सिलिंडर, 954 सीसी, पाऊण अश्वशक्ती. ती गाडी लोकांना पटली त्याचं निम्मं श्रेय बेर्था बेंझचं. ऑगस्ट 1888 मध्ये त्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या, शंभरेक किलोमीटर. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांची कंपनी वेगळी होती. एमिल येलिनेक यांच्या मुलीवरून मर्सिडीज हे नाव 1901 च्या गाडीला मिळालं ते या दुसऱ्या कंपनीत. दोन्ही कंपन्या 1926 मध्ये एक झाल्या.

इतिहास सांगताना एक पान गाळलं जातं, ते गाळू नये. 1944 मध्ये डाइमलर-बेंझच्या 63,610 कामगारांपैकी जवळपास निम्मे वेठीला धरलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावणीतले बंदी होते. कंपनीने त्याबद्दल पैसे दिले ते 1988 साली, 2 कोटी मार्क.

सुरक्षिततेचं नाव मात्र कष्टाने कमावलेलं आहे. बेला बारेनी यांनी धडकेत पुढचा-मागचा भाग चेपून आतली माणसं वाचवायची रचना मांडली आणि 1959 च्या डब्ल्यू 111 या मॉडेलमध्ये ती पूर्णपणे आली. बॉशबरोबर केलेली एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं अडकू न देणारी) 1978 च्या एस-क्लासमध्ये, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी) 1995 मध्ये. आज साध्या हॅचबॅकमध्ये असलेल्या कितीतरी गोष्टी आधी तिथे आल्या.

आता "वीस वर्षं काही होत नाही" हे कुठून आलं ते बघा. ते मुख्यतः दोन मॉडेलांचं पुण्य आहे: डब्ल्यू 123, 1976 पासून, सुमारे 27 लाख गाड्या, आणि त्यानंतरची डब्ल्यू 124, सुमारे 25 लाख. आपल्याकडे हे नाव मोटारींच्या आधी मालट्रकवर आलं. टेल्कोचा (आजची टाटा मोटर्स) करार 1954 चा, आणि 1969 पर्यंत टाटांच्या ट्रकवर तो तीन टोकांचा तारा असायचा. शिवाय भिंड, मुरैना, शिवपुरीच्या रस्त्यांवर माणसांनी खच्चून भरून धावलेली बजाज टेम्पोची ट्रॅक्स आठवा. तिच्या बोनेटखालचं 2.4 लिटर डिझेल मुळात ओएम 616, जर्मनीत 240 डी टॅक्सीला बसणारं इंजिन. ओतीव लोखंडी ब्लॉक, दुपदरी टायमिंग चेन (झडपा आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी), बॉशचा यांत्रिक पंप, आणि 2.4 लिटरमधून फक्त 65 ते 72 अश्वशक्ती. इंजिनावर ताणच नाही, मग झिजणार काय? कुठलाही ट्रॅक्टर मिस्त्री ते उघडून बसवू शकत होता. "मर्सिडीज मरत नाही" हे आपल्या भागात लोकांनी या इंजिनावरून अनुभवलं आहे, ई-क्लासवरून फारसं नाही.

डब्ल्यू 124 हीच पुण्यात 1995 पासून जोडली गेलेली पहिली मर्सिडीज मोटार. पण तिच्यातही शेवटच्या वर्षांत गोम आहे. साधारण 1992 ते 1995 च्या इंजिनांना जी वायरिंग दिली, तिचं आवरण उष्णतेने काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळायचं. इंजिन ठणठणीत आणि वायरी उघड्या, अशा गाड्या अजून सापडतात.

घसरण त्यानंतरची. आधी अभियंते गाडी ठरवत आणि किंमत मागून यायची. नव्वदच्या दशकात किंमत आधी ठरू लागली. 1995 च्या डब्ल्यू 210 ला गंज, इतका की पुढच्या स्प्रिंगची बैठक वेल्डसकट सुटायची. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनमधल्या वळणचाचणीत ए-क्लास उलटली आणि त्या छोट्या गाडीला ईएसपी सरसकट द्यावं लागलं. 1998 ते 2007 अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीबरोबरचा संसार. 2004 मध्ये ब्रेकसाठी 6.8 लाख गाड्या परत बोलावल्या, 2005 मध्ये आणखी 13 लाख. तुमची 2006 ची गाडी याच काळाची आहे हे लक्षात ठेवा. नंतर गाड्या पुन्हा सुधारल्या, पण डिझेलच्या धुराचं प्रकरण आलं: 2018 मध्ये युरोपात 7,74,000 गाड्या परत बोलावण्याचा आदेश, 2019 मध्ये जर्मनीत 87 कोटी युरोंचा दंड.

म्हणून ताऱ्याकडे बघून काही ठरवू नका. वर्ष आणि इंजिन क्रमांक बघा.

पाना_नंबर_13

डिझेलबद्दल सांगतो. 2012 ची ई 250 सीडीआय म्हणजे डब्ल्यू 212, इंजिन ओएम 651, 2143 सीसी, दोन टर्बो, 204 अश्वशक्ती. 96,000 किमी हे या इंजिनाला काहीच नाही, पण तीन ठिकाणी ते फसवतं.

एक, टायमिंग चेन. या इंजिनात चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. नवी चेन जुनीला जोडून वरून ओढून घेता येते, पण मार्गदर्शक पट्ट्या आणि खालचं सगळं बदलायचं तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. मजुरी तिथे जाते. तपासायचा मार्ग एकच: इंजिन रात्रभर थंड असताना पहिली सुरुवात ऐकायची. क्षणभर खडखड आणि मग शांत, तर ठीक. दोन-तीन सेकंदांहून जास्त चालली, तर चेन किंवा टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) संपत आलं आहे. मालकाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही पोचण्याआधी गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. बोनेट कोमट लागलं तर त्या दिवशी गाडी बघण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

दोन, इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे. 2009 ते 2011 च्या सुरुवातीच्या गाड्यांत डेल्फीचे पिझो इंजेक्टर होते. ते इतके बिघडले की कंपनीने त्या जागी सोलेनॉइडचे बसवून दिले. 2012 च्या गाडीत नेमके कोणते आहेत ते सर्व्हिस रेकॉर्डवरून खात्री करा. कुठलेही असोत, वरचं प्लास्टिकचं झाकण काढा आणि इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा. काळा, डांबरासारखा घट्ट थर दिसला तर तांब्याचा वॉशर गळतो आहे, जळलेला वायू वर येऊन तिथे साचतो. लवकर सापडलं तर काम लहान आहे: इंजेक्टर काढायचा, बैठक घासून स्वच्छ करायची, नवा वॉशर, नवा बोल्ट. हा बोल्ट ताणून बसवला जातो, म्हणून एकदाच वापरायचा. जुनाच परत लावला की थोड्या दिवसांत तीच गळती. उशीर झाला तर इंजेक्टर हेडमध्येच (इंजिनाच्या वरच्या भागात) अडकतो, आणि मग ते काम लहान राहत नाही.

तीन, पाण्याचा पंप. हा फार जणांना माहीत नसतो. थंड इंजिन लवकर तापावं म्हणून पंपाला व्हॅक्यूमवर चालणारी झडप आहे. तिचं सील गेलं की कूलंट व्हॅक्यूमच्या नळीत ओढलं जातं आणि तिथून पुढच्या झडपांपर्यंत पोचतं. मग टर्बोच्या, ईजीआरच्या (जळलेला वायू परत इंजिनात फिरवणाऱ्या झडपेच्या) चुका दिसायला लागतात आणि मिस्त्री टर्बो बदलायला सांगतो! पंपावरची बारीक व्हॅक्यूम नळी काढून पांढऱ्या कागदावर झटका. कोरडी हवी. निळसर डाग पडला तर पंप बदलायचा, आणि भिजलेल्या नळ्या-झडपाही त्याबरोबर बघायच्या. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कूलंट अर्धा लिटर जरी कमी झालं तरी त्याची किंमत हेडने चुकवायची असते, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

ऑइल साधारण 6.5 लिटर, डब्यावर एमबी 229.51 हा मर्सिडीजच्या मान्यतेचा क्रमांक लिहिलेला हवा. नुसतं "5 डब्ल्यू 30 सिंथेटिक" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. फिल्टरच्या झाकणाला 25 न्यूटन-मीटर, नवी रबरी रिंग घालून. जोर लावून आवळलं की प्लास्टिकला चीर जाते.

गिअरबॉक्स. सुरुवातीच्या ई 250 ना पाच गिअरचा 722.6 आहे, नंतरच्यांना सात गिअरचा. 722.6 हा मर्सिडीजने केलेल्या उत्तम वस्तूंपैकी एक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण "आयुष्यभराचं ऑइल" या एका वाक्याने त्याचं फार नुकसान केलं. कंपनीनेच नंतर 60,000 किमीला बदला असं सांगितलं. 96,000 च्या गाडीत एकदा तरी बदललं असायला हवं, बिल मागा. पॅन उघडून फक्त चारेक लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) राहतं. कन्व्हर्टरला ड्रेन बोल्ट असेल तर तोही उघडा, म्हणजे एकूण साडेसात ते आठ लिटर नवं जाईल. पातळी मोजायला गाडीत डिपस्टिक नसते, नळीला नुसतं झाकण असतं. गराजकडे मापाची पट्टी हवी आणि ऑइल 80 अंशांना तापलेलं असताना मोजायचं. ऑइल थंड असताना मोजून भरलं की जास्त भरलं जातं आणि फेस होतो.

त्याच गिअरबॉक्सच्या बाजूला 13 पिनांचा एक गोल प्लग आहे, भाग क्रमांक ए 203 540 02 53. त्याच्या रबरी रिंगा कडक होतात आणि ऑइल वायरीच्या आतून, दिव्याच्या वातीसारखं, वर चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत जातं. गाडी मग दोन नंबरच्या गिअरमध्येच अडकून बसते. प्लग स्वस्त, युनिट महाग. प्लग दिसेपर्यंत गाडी लिफ्टवर घ्या आणि बोट फिरवा.

सिटी_सेंटर_सर्व्हिस

पेट्रोलचं थोडक्यात, कारण इथे निकाल आरसीवरच लागतो.

2006 ची ई 280 म्हणजे डब्ल्यू 211, इंजिन एम 272, व्ही 6. या इंजिनात थरथर मारायला बॅलन्स शाफ्ट आहे आणि सुरुवातीच्या इंजिनांत त्याचं दातेरी चाक मऊ धातूचं निघालं. दाते झिजतात, चेन सैल पडते, कॅमशाफ्टचं टायमिंग मागे पडतं, इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनरवर 1200 आणि 1208 हे दोष एकत्र आले तर बहुधा हेच. चाक स्वतः फार महाग नाही, पण तिथे पोचायला इंजिन गाडीतून बाहेर काढावं लागतं.

आरसीवरचा इंजिन क्रमांक वाचा. 272 ने सुरुवात, मग तीन आकडे, मग 30, मग शेवटचे सहा. हे सहा आकडे 468993 पर्यंत असतील तर इंजिन जुन्या चाकाचं आहे. त्यापुढचं असेल तर ही काळजी मिटली. जुन्या क्रमांकाचं असून काम झालेलं असेल तर त्याचं बिल असणारच, एवढं मोठं काम बिलाशिवाय होत नाही. तोंडी "करून घेतलंय" चालणार नाही.

त्याच इंजिनाच्या पुढच्या चार कॅमशाफ्ट मॅग्नेटचे प्लग काढून बघा. आत ऑइल असेल तर ते वायरिंगमधून ईसीयूकडे (इंजिनाच्या संगणकाकडे) निघालं आहे. मॅग्नेट लगेच बदलायचे.

दुसरी गोष्ट ब्रेक. 2006 च्या मध्यापर्यंतच्या डब्ल्यू 211 ला एसबीसी नावाची विजेवर चालणारी ब्रेक पद्धत आहे. ओळखायची सोपी खूण: दार उघडताच पुढून घुर्र असा पंपाचा आवाज येतो, आणि बोनेटखाली ब्रेक बूस्टरचा नेहमीचा गोल डबा नसतो. हे युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतं आणि ठरलेला आकडा आला की इशारा देतं. पुरतं बंद पडलं तरी ब्रेक लागतात, पण फक्त पुढच्या चाकांना आणि पेडल खोल जाऊन. रस्त्यावर अशी गाडी चालवू नये.

आणि हे गराजवाल्याला ठामपणे सांगा: पॅड बदलण्याआधी स्कॅनरने एसबीसी बंद करायची, मगच चाक खोलायचं. नाहीतर कुणी दार उघडलं किंवा रिमोट दाबला की पंप आपोआप दाब भरतो, पिस्टन बाहेर येतो आणि कॅलिपरमध्ये असलेली बोटं चिरडली जातात. पाना-पेचकसावर चालणाऱ्या गराजात या गाडीचे ब्रेक करूच नका.

या गाडीला बॅटऱ्या दोन आहेत, मोठी डिकीत, लहान पुढे. लहान बॅटरी अशक्त झाली तरी ब्रेकचा इशारा येतो, तेव्हा युनिटवर जाण्याआधी दोन्ही बॅटऱ्या तपासा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 2006 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील बघून घ्या.

एमपी07_कागदपत्र

दिल्लीच्या गाडीचं कागदी काम. एनओसी म्हणजे फॉर्म 28, आणि तिच्यावर ग्वाल्हेर आरटीओचंच नाव हवं. "मध्य प्रदेश" एवढं मोघम नको. सोबत फॉर्म 29 आणि 30 मालकी बदलासाठी, फॉर्म 27 नव्या क्रमांकासाठी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. चेसिस क्रमांकाचा पेन्सिल ठसा स्वतःसमोर घ्या आणि आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. चौथा ते सहावा आकडा 212 असायला हवा. दिल्लीतली थकलेली चलानं वाहन पोर्टलवर बघून ती विकणाऱ्याकडून भरून घ्या, पैसे नंतर कुणी देत नाही.

दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर क्रमांक बदलावाच लागतो, आणि मध्य प्रदेशचा कर नव्याने भरावा लागतो. तो गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा, कारण दिल्लीची गाडी स्वस्त वाटते ती याच रकमेने. मेळ्यातल्या कर सवलतीचा घोळ बरेच जण करतात. ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात शासन ज्या वर्षी 50 टक्के सवलत जाहीर करतं, ती मेळ्यात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना. जुन्या गाडीच्या पुनर्नोंदणीशी तिचा संबंध नाही.

दहा वर्षांवरच्या डिझेलवर दिल्ली परिसरात बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केला. 2025 मध्ये कारवाईबाबत न्यायालयाचे वेगळे आदेश आले. ग्वाल्हेरला याचा त्रास नाही, पण भरतपूर, अलवरसुद्धा एनसीआरमध्ये येतात, तेव्हा तिकडे गाडी नेण्याआधी चालू आदेश वाचा.

थाटीपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. आरसीची प्रत मागवली. ई 280 चा इंजिन क्रमांक 30 नंतर 41 ने सुरू होतो, म्हणजे जुन्या चाकाचा. बिल नाही म्हणतात. गाडी मात्र आवाजाला एकदम शांत आहे, दिवा नाही. दिल्लीची बघायला जाणार, तर तिथे वेळ कमी असेल. काय आधी, काय नंतर?

पाना_नंबर_13

ई 280 सोडा. शांत आवाजावर जाऊ नका. ते चाक झिजताना आवाज करत नाही, दिवा लागेपर्यंत काही कळत नाही, आणि 71,000 ला दिवा नसणं हे स्वाभाविकच आहे. इंजिन उतरवायचा खर्च किमतीतून वजा करायला मालक तयार असेल तरच पुन्हा बोला.

दिल्लीला पहाटे पोचा. बोनेटला हात, मग थंड सुरुवात, फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून बघा, धूर जोरात फेकत असेल तर पुढे जाऊ नका. मग इंजेक्टरची बुडं आणि व्हॅक्यूम नळी. इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच स्कॅनर लावायला पैसे खर्च करा. मर्सिडीजचा पूर्ण स्कॅनर असलेल्याकडेच न्या, पंधराशे रुपयांच्या यंत्राला फक्त इंजिन दिसतं. किलोमीटर मीटरखेरीज इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात, ते 96,000 शी जुळवा. इंजेक्टरची सुधारणा-मूल्यं चारही सिलिंडरची जवळपास सारखी हवीत. एकच वेगळं पळत असेल तर तो इंजेक्टर जाणार आहे.

चालवून बघाल तेव्हा किमान 20 किमी, गिअरबॉक्सचं ऑइल तापायला तेवढं लागतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका, किंवा 60 ते 80 च्या वेगात हलका पाय ठेवल्यावर खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथर, ही कन्व्हर्टरच्या क्लचची खूण. ऑइल बदलून बऱ्याचदा जाते, दर वेळी नाही. परत आल्यावर एसी पूर्ण लावून गाडी दहा मिनिटं उभी चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघा. 90 च्या आसपास थांबला पाहिजे.

चेसिस क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुन्या नोंदी मागायचं काम निघण्याआधीच करा. त्यात गिअरबॉक्स ऑइल आणि पाण्याचा पंप या दोन ओळी शोधा.